थेंब कुणी टाकायचा?

(जळगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



या व्याख्यानमालेत साहित्यावर, शेतीवर, इतिहासावर बोलायची रीत आहे. मी डोळ्यांचा डॉक्टर. एका आजारावर बोलण्यासाठी तुम्ही मला ही जागा दिलीत, याबद्दल मनापासून आभार. विषय मी मुद्दाम लहान ठेवला आहे. काचबिंदू झालेली, साठी-सत्तरी ओलांडलेली आपली माणसं डोळ्यांत रोजचं औषध का टाकत नाहीत, आणि ते टाकलं जावं म्हणून आपण काय करायचं, एवढंच मला आज बोलायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. औषध टाकायचं राहिलं की आपण त्याला म्हातारपणाचा हट्ट म्हणतो, आळस म्हणतो, विसरभोळेपणा म्हणतो. डॉक्टर तसं म्हणतात, घरचे म्हणतात, आणि ऐकून ऐकून तो माणूसही स्वतःला तसंच म्हणायला लागतो. मला हे मान्य नाही. रोज करायचं, जन्मभर करायचं आणि अतिशय नाजूक हाताने करायचं असं एक काम आपण एकट्या म्हाताऱ्या माणसावर सोपवलं आहे. त्याचा हात थरथरतो, मान मागे जात नाही, बाटलीवरची अक्षरं त्याला वाचता येत नाहीत. आणि त्या कामाचा फायदा त्याला एक दिवसही जाणवत नाही. असं काम एकट्याला जमत नाही. ते घराचं काम आहे, डॉक्टरचं आहे, गावातल्या आरोग्ययंत्रणेचंही आहे.

आधी आजार समजून घेऊ. डोळ्याच्या आत एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक चाळणीतून बाहेर झिरपत असतं. वयानुसार ती चाळणी दाटत गेली की आतला दाब वाढतो. सर्वसाधारण डोळ्यात हा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. तो वाढला की डोळ्यामागची नस हळूहळू सुकायला लागते. काहींची नस तर दाब या मर्यादेत असूनही सुकते, म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही. त्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. त्यांतले पुष्कळसे मरून जाईपर्यंत माणसाला काही कळत नाही, कारण पहिल्यांदा जाते ती कडेची नजर. समोरचं स्वच्छ दिसत असतं. पेपर वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. बाजूने आलेली मोटरसायकल दिसली नाही, ओट्याची पायरी चुकली, तर "लक्ष नव्हतं" म्हणून माणूस पुढे जातो. आणि गेलेली नजर परत आणण्याचा उपाय आज जगात कुणाकडेही नाही. थेंबांचं काम एकच आहे, दाब खाली ठेवायचा आणि उरलेली नजर राखायची.

थेंबाचं महत्त्व या जिल्ह्याला मी काय सांगणार? ठिबकवर केळी उभी करणारा हा मुलूख आहे. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं की एखाद्या झाडाजवळचं छिद्र गाळाने बंद झालं तर त्या झाडाचं पान चार दिवसांत सांगतं, आणि मग तो नळी काढून धुतो, फिल्टर तपासतो. डोळा असं काही सांगत नाही. थेंब चार महिने बंद असला तरी चार महिन्यांनी तेवढंच दिसतं. माझ्याकडे येणारे एक शेतकरी मला सरळ विचारायचे, "माले ते बरं दिखस, मंग औषध कसाले?" त्यांच्या बाजूने पाहिलं तर हा प्रश्न अगदी रास्त आहे. पोटदुखीची गोळी घेतली की पोट राहतं. तापाची घेतली की ताप उतरतो. इथे औषध टाकलं तर डोळ्यांत झोंबतं, लाली येते, आणि टाकलं नाही तर बरं वाटतं! म्हणजे शरीर रोज उलटाच धडा शिकवत असतं.

त्यात भर पडते मोतीबिंदूच्या अनुभवाची. १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तेव्हापासून शिबिरं, मोफत शस्त्रक्रिया आणि नंतर आलेली कृत्रिम भिंगं यांनी खेड्यापाड्यांतल्या लाखो माणसांना नजर परत दिली. ही फार मोठी कमाई आहे आणि तिचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण या यशाने लोकांच्या मनात एक समजूत पक्की केली. डोळ्याचा आजार म्हणजे एकदा ऑपरेशन, हिरवी पट्टी, आठ दिवस पथ्य, संपलं. म्हणून कडेची नजर गेलेला माणूसही "बिंदू पिकला की काढू" म्हणत शिबिराची वाट बघत बसतो. शिबिरात मोतीबिंदू निघाला, समोरचं लख्ख दिसायला लागलं, की मागे राहिलेल्या काचबिंदूचे थेंब कशाला टाकायचे हे त्याला पटत नाही. त्याचं ऑपरेशन करणाऱ्यांनीही ते पटवून देण्यासाठी पुरेसा वेळ दिलेला नसतो.

पसारा किती आहे, ते दोन आकड्यांत सांगतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू आहे. आणि तमिळनाडूच्या ग्रामीण भागात घरोघर जाऊन केलेल्या चेन्नई काचबिंदू अभ्यासात, नेहमी आढळणाऱ्या प्रकारचा काचबिंदू निघालेल्यांपैकी ९८.५ टक्के लोकांना आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हतं. म्हणजे ज्याच्या हातात आज थेंबांची बाटली आहे तो शेकडा एक-दोघांतला नशीबवान. त्याचा आजार सापडला आहे, औषध ठरलं आहे. तरीही त्याची नजर जात असेल तर ती आपल्या डोळ्यांदेखत जाते आहे.

औषधाचा उपयोग होतो का, अशी शंका कुणाच्या मनात असेल तर तीही दूर करतो. अमेरिकेत सोळाशेवर लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. या सगळ्यांचा डोळ्यातला दाब वाढलेला होता, पण नस अजून शाबूत होती. २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. पाच वर्षांत थेंब न टाकणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, टाकणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. धोका निम्म्याहून कमी झाला. पुढच्या वर्षी स्वीडनमधल्या अभ्यासाने दाखवलं की दाब एकेका मिलिमीटरने उतरला तरी आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटतो. औषध काम करतं. ते डोळ्यांत पडलं तर.

ते पडतं का, हे शोधायची युक्ती अमेरिकेतल्या मायकेल कास या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात काढली. त्यांनी औषधाच्या बाटलीतच एक छोटं यंत्र बसवलं. बाटली केव्हा वापरली याची नोंद ते आपोआप ठेवायचं. अशा बाटल्या १८४ रुग्णांना दिल्या. रुग्णांना विचारलं तेव्हा त्यांच्या सांगण्याची सरासरी निघाली ९७ टक्के थेंबांची. यंत्राची नोंद ७६ टक्के. काही जण तर पावभागही टाकत नव्हते. आणि सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी औषध नेमाने पडत होतं. हे सगळं शिकल्यासवरलेल्या देशात, दाराशी गाडी असलेल्या माणसांचं. तेव्हा आपल्याकडची माणसं अडाणी म्हणून औषध टाकत नाहीत, हे कृपा करून कुणी म्हणू नये.

त्या आदल्या दिवशीच्या थेंबाने काय होतं ते जरा बारकाईने पाहा. समजा, एखादे आबा उद्या दवाखान्यात जायचं म्हणून आज आठवणीने औषध टाकतात. सकाळी एस.टी.ने येतात. दाब मोजला तर १५, उत्तम. पण कडेच्या नजरेची तपासणी केली तर ती मागच्यापेक्षा खालावलेली. डॉक्टरचा निष्कर्ष असा की दाब ताब्यात असूनही आजार वाढतो आहे. म्हणून तो दुसरी बाटली लिहितो, पुढच्या वेळी तिसरी. एक बाटली ज्याला झेपत नव्हती त्याच्या पिशवीत आता तीन. खर्च तिप्पट, झोंबणं तिप्पट, वेळा पाच. पहिल्या बाटलीबद्दल नीट विचारलं असतं तर हे काहीच करावं लागलं नसतं.

नीट विचारणं म्हणजे काय? "आबा, औषध टाकता ना?" या प्रश्नाला खान्देशात एकच उत्तर आहे, "हो साहेब." डॉक्टरला नाही म्हणणं आपल्या माणसांना अवघड जातं, त्यात दोष नाही. म्हणून प्रश्नच वेगळा हवा. "औषध बहुतेकांचं राहून जातं, तुमचं गेल्या आठवड्यात किती रात्री राहिलं?" असं विचारलं की माणूस मोकळा होतो, बोटांवर मोजून सांगतो. आणि दुसरी गोष्ट: "आता माझ्यासमोर टाकून दाखवा."

चोपडा तालुक्यातले एक वयस्क शेतकरी असेच मला टाकून दाखवत होते. बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली बाटली काढली. बोटं संधिवाताने वाकडी झालेली, टोपण फिरेना, म्हणून त्यांनी ते दातांनी उघडलं. खुर्चीत बसल्या बसल्या मान मागे टाकायचा प्रयत्न केला, पण मणक्याच्या दुखण्याने ती जेमतेम चार बोटं मागे गेली. बाटली डोळ्यावर धरली, तिचं टोक पापणीला टेकलं. दाबली, पहिला थेंब भुवईवर. पुन्हा दाबली, दुसरा गालावर. डोळा मिटला गेला. तिसरा मिटलेल्या पापणीवर पडला आणि सुरकुत्यांतून कानाकडे गेला. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि माझ्याकडे समाधानाने पाहिलं. हे गृहस्थ रोज रात्री, एकही दिवस न चुकता, औषध टाकत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत औषध जात नव्हतं.

मग त्यांच्यासोबत आलेल्या नातीला जवळ बोलावलं. आबांना पलंगावर उताणं झोपवलं. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढली की तिथे एक खोबण तयार होते, त्यात एकच थेंब सोडायचा. बाटलीचं टोक कशालाही लागू द्यायचं नाही, नाहीतर घाण आत जाते. दुसरा थेंब टाकायची गरज नसते. त्या खोबणीत एका थेंबापुरतीच, किंबहुना त्याहूनही थोडी कमीच जागा असते, दुसरा गालावरच जाणार. मग डोळा दोन मिनिटं मिटून ठेवायचा, उघडझाप करायची नाही, आणि नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायचं. हे बोट फार महत्त्वाचं आहे. तिथून एक नळी नाकात उतरते आणि औषध तिच्यातून रक्तात जातं. टिमोलॉल नावाचं औषध फार वापरात आहे, ते असं रक्तात गेलं तर दम्याच्या माणसाला धाप लागू शकते, नाडी मंद होऊ शकते. म्हणून दमा असेल, हृदयाचं दुखणं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरला आवर्जून सांगा. डोळ्याचा आणि छातीचा काय संबंध, असं म्हणून ते सांगायचं राहू नये. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं.

नातीला हे सगळं एकदा दाखवून जमलं.

आता बाटलीचा हिशेब. रात्री एकदा टाकायच्या औषधाची अडीच मिलिलिटरची बाटली असते, तिच्यात साधारण ऐंशी थेंब भरतात. दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब धरला तर महिना सहज निघतो. पण एका डोळ्यामागे दोन-तीन थेंब वाया जात असतील तर बाटली पंधरवड्यात संपते. संपली की लगेच दुसरी येत नाही. ती येते पुढच्या बाजारच्या दिवशी, किंवा पगार झाल्यावर, किंवा मुलगा सुरतेहून आल्यावर. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन आहे महिन्याला १५०० रुपये. काही औषधांची बाटली शंभराच्या आत मिळते, पण रोज एकदाच टाकायच्या औषधांची, त्यातही नावाजलेल्या कंपनीची, बाटली तीन-चारशेच्या पुढे जाते. पंधराशेत दोन बाटल्या म्हणजे अर्धा महिना डोळ्यांत गेला. मग माणूस एक दिवसाआड टाकायला लागतो, "पुरवून" वापरतो. यात कुठला हट्ट आणि कुठला आळस? दिलासा देणारी एक गोष्ट म्हणजे लॅटानोप्रोस्ट हे रोज एकदाच टाकायचं औषध २०२२ साली देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं आहे. त्याचं नाव लिहून घ्या, जनऔषधी केंद्रात विचारा, आणि ते नसेल तर मागणी नोंदवा. मागणी असल्याशिवाय माल येत नाही, हे व्यापारी गावाला मी सांगायला नको.

याच औषधाची दुसरी अडचण आहे उन्हाची. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवायची असते. उघडल्यावर ती २५ अंशांपर्यंतच्या तापमानात सहा आठवडे चालते. २५ अंश! मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या पुढे जातो, पत्र्याच्या घरात काय होत असेल ते तुम्ही जाणताच. अनेक घरांत फ्रीज नसतो, म्हणून बाटली शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवलेली असते. दिवसा मागता येते. पण औषध आहे रात्री नऊचं, शेजारी झोपायच्या तयारीत. एक दिवस म्हातारी दार वाजवते, दुसऱ्या दिवशी संकोचते, तिसऱ्या दिवसापासून जात नाही. ही अडचण मला पुस्तकात कुठे सापडली नाही. ती एका बाईंनी सांगितली तेव्हा कळली. यावर उपाय अवघड नाही. याच गटातली फ्रीज न लागणारी औषधं बाजारात आहेत. चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टरने "घरी फ्रीज आहे का?" एवढं विचारायचं.

दुसरी एक गोष्ट आपल्या भागात ठळक दिसते. शिरपूर, शिंदखेडा, अमळनेर, पारोळ्याकडची तरुण पिढी मोठ्या संख्येने सुरतेला, पुण्याला, नाशिकला गेली आहे. गावात राहिले ते आई-वडील. काही घरांत ते एकटे असतात, काही घरांत मुलांकडे पाळीने राहतात: चार महिने उधन्याला धाकट्याकडे, चार महिने पुण्याला थोरल्याकडे, दिवाळीनंतर गावी. बिऱ्हाड हललं की औषध तुटतं. फाइल गावच्या फडताळात राहते. सुरतेच्या दुकानात त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची बाटली मिळते, तिचं टोपण वेगळ्या रंगाचं. ज्याला अक्षर वाचता येत नाही तो टोपणाच्या रंगावर औषध ओळखत असतो. सकाळचं निळं, रात्रीचं पांढरं. रंग बदलला की सकाळचं रात्री पडतं, किंवा "हे आपलं नाही" म्हणून पडतच नाही. बाटलीला सकाळसाठी एक रबर आणि रात्रीसाठी दोन रबर लावले तर कंपनी कुठलीही असो, अंधारातही बोटांना कळतं. फाइलचे फोटो काढून सगळ्या मुलांच्या मोबाइलवर ठेवा. आई-वडील कुणाकडेही जावोत, कागद सोबत जातो.

बायांचं दुखणं याहून वेगळं. पुरुषाला निदान "माझं औषध टाक गं" असं हक्काने म्हणता येतं. सासूला ते म्हणता येत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत सून उजाडायला शेतात जाते ती दिवस मावळल्यावर येते, मग चूल, भाकरी, पोरं. तिला रोज रात्री हाक मारायची कशी? "तिचं तिला पुरे झालंय, मी कुठे अजून भार घालू", असं मला किती आयांनी सांगितलं! त्या विसरलेल्या नसतात. त्यांनी विचार करून औषध सोडलेलं असतं, घराला आपला त्रास कमी व्हावा म्हणून. आणि मग एक दिवस दोन्ही डोळ्यांनी जातात, आणि घराला मरेपर्यंत त्यांना धरून न्यावं लागतं. या हिशेबात सुनेवरही अन्याय आहे. घरात मुलगा आहे, नातवंडं आहेत. आठवी-नववीतल्या मुलाला थेंब टाकायला दोन मिनिटं लागतात. हे काम सुनेचंच, असं कुणी ठरवलं?

उपासाचा प्रश्नही बाया दबक्या आवाजात विचारतात. डोळ्यांत थेंब टाकल्याने एकादशी मोडत नाही, माउली. रमजानच्या रोजाबद्दलही अनेक धर्मपंडितांचं मत हेच आहे की थेंबाने रोजा तुटत नाही, आणि रात्री एकदाच टाकायचं औषध असेल तर तो प्रश्नच उरत नाही. हे गावच्या महाराजांनी आणि मशिदीतल्या इमामांनी एकदा सांगितलं तर माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त काम होईल.

खाज आली, लाली आली म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या थेंबांबद्दल एकच वाक्य. त्यांतल्या पुष्कळांत स्टेरॉइड असतं आणि ते दाब वाढवून काचबिंदू करू शकतं, तेव्हा चिठ्ठीशिवाय डोळ्यांत काहीही टाकू नका.

आता मी माझ्या व्यवसायबंधूंशी बोलतो. ज्याला थेंब जमणार नाही हे आपल्याला समोर दिसतं आहे, त्याला आपण थेंबच का देत राहतो? एका विशिष्ट लेझरने ती दाटलेली चाळणी मोकळी करता येते. काम काही मिनिटांचं, ॲडमिट व्हायचं कारण नाही. इंग्लंडमध्ये ७१८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीलाच लेझर केलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. पण मला इंग्लंडपेक्षा टांझानियाचा दाखला महत्त्वाचा वाटतो. किलिमांजारो पर्वताजवळच्या रुग्णालयात लेझर आणि टिमोलॉलचे थेंब यांची तुलना झाली, २०२१ मध्ये निष्कर्ष आले. लांबून येणारे, शेतीवर जगणारे, औषध विकत घेणं कठीण जाणारे असे ते रुग्ण, आपल्यासारखेच. वर्षभराने लेझरच्या गटात ६१ टक्के डोळ्यांचा दाब ठरवलेल्या मर्यादेत होता, थेंबांच्या गटात ३१ टक्के. जवळपास दुप्पट. लेझर सगळ्यांना चालत नाही. चाळणीकडे जाणारा कोनच बंद होणारा काचबिंदू आपल्याकडे बराच आढळतो, त्याचा उपचार वेगळा आहे. लेझरचा परिणामही काही वर्षांनी ओसरतो, पुन्हा करावा लागतो. आजार पुढे गेलेला असेल तर १९६८ पासून रूढ असलेली, पाण्याला नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया आहे. पण पहिल्याच भेटीत वृद्ध रुग्णासमोर या वाटा ठेवणं आपलं कर्तव्य आहे. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा लेझर आठवड्याचे सगळे दिवस, गरिबाला फुकट मिळाला पाहिजे. जिल्हा नियोजन समितीत शब्द चालणारी मंडळी या सभागृहात आहेत. त्यांनी हे काम अंगावर घ्यावं, ही माझी जाहीर मागणी आहे.

आणि आशाताई. तिच्यावर आधीच किती कामं लादलेली आहेत हे मला माहीत आहे, म्हणून हे मोबदल्याशिवाय मागणं बरोबर होणार नाही. पण तिशीपुढच्या माणसांचा रक्तदाब आणि मधुमेह यांसाठी ती घरोघर जातेच. क्षयरोगाच्या औषधांवर लक्ष ठेवण्याची पद्धत १९९७ पासून या देशाने राबवली आणि ती चालते हे दाखवून दिलं. काचबिंदूचं औषध जन्मभराचं, त्यामुळे रोज कुणी समोर उभं राहू शकत नाही. पण महिन्यातून एकदा बाटली बघायची, उघडल्याची तारीख बघायची, किती उरलं ते बघायचं आणि एक थेंब समोर टाकायला लावायचा, एवढं झालं तरी पुष्कळ आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस.टी. मोफत आहे, त्याखालच्या ज्येष्ठांना निम्मं भाडं. म्हणजे तालुक्याला येण्याची सोय सरकारने केली आहे. आता तालुक्याला डोळ्यांचा दाब मोजणारं माणूस ठरलेल्या वारी हजर असणं, ही पुढची पायरी.

काचबिंदू घराण्यात चालतो. ज्याला तो आहे त्याच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना धोका इतरांहून कित्येक पटींनी जास्त. आपल्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, तेव्हा सुरतेपासून पुण्यापर्यंत पांगलेली भाऊबंदकी एका छपराखाली येते. एरवी ज्या भावांचं तोंड वर्षभर दिसत नाही ते रोटांच्या जेवणाला एका पंगतीत बसतात. घरात कुणाला काचबिंदू असेल तर त्याने त्या दिवशी तो सगळ्यांसमोर सांगावा. लपवण्यासारखं त्यात काही नाही. आणि डॉक्टरांनी त्या आठवड्यात भावंडांची तपासणी एकत्र, कमी पैशांत करून द्यावी. माझे काही सहकारी याला तयार आहेत, बाकीच्यांनीही व्हावं.

श्रोतेहो, तुमच्या घरात काचबिंदूची बाटली असेल तर आज रात्रीचा थेंब आई-वडिलांना स्वतः टाकू देऊ नका. त्यांना झोपवा आणि तुम्ही टाका. बाटलीवर ती उघडल्याची तारीख पेनाने लिहा. घरातल्या कोणत्या दोन माणसांनी हे काम आलटून पालटून करायचं ते आजच ठरवा, आणि त्यांतला एक तरी पुरुष असू द्या. तुमचं वय चाळीसच्या पुढे असेल आणि डोळ्यांचा दाब, मागची नस आणि कडेची नजर ही तिन्ही तपासलेली नसतील, तर येत्या महिन्यात तपासून घ्या. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली, असं समजू नका.